भोंगामास्तरांची गुळणी

तलाव छपराखाली होता आणि भिंतींना खालपासून वरपर्यंत फरशी होती. त्यामुळे तिथे साधी शिंक आली तरी ती चार वेळा परत यायची. अशा जागी मास्तरांना नोकरी देणं म्हणजे देवळातल्या घंटेत दुसरी घंटा टांगण्यासारखं होतं. "पाय मारा!" असा पहिला आवाज झाला की समोरचा इस्त्रीवाला दुकान उघडायचा. घड्याळ त्यानं कधीच विकून टाकलं होतं, असं तो सांगे.

लहान मुलांना पोहायला शिकवणं हा मास्तरांचा धंदा, आणि भोंगा हे त्यांचं टोपणनाव. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांची सगळी विद्या घशात होती. काठावर उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि ओरडायचं. मुलं आधी आवाजाला घाबरत, मग पाणी त्या मानानं सोपं वाटे. निम्मं गाव त्यांनी असंच तरंगवलं होतं.

राहिली होती ती त्यांची स्वतःची नात. तिला सगळे मुंगी म्हणत. पाच वर्षांची मुंगी रोज आजोबांबरोबर तलावावर यायची आणि बाकावर कोरडी बसून पाय हलवायची. बसल्या बसल्या ती हवेतच पोहत असे, आणि ते बघवत नसे. तिचे कान सारखे फुटत. सर्दी झाली की कान, वारा लागला की कान. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही पडद्यांत भाताच्या कणीएवढी नळी बसवली. पुढे केव्हातरी ते म्हणाले की पोरीला पोहू द्या, पण बुडी नाही, सूर नाही. कानात तिच्या मापाचे मऊ बोळे आणि त्यावरून घट्ट पट्टी.

मुंगीची आई, म्हणजे मास्तरांची लेक, औषधाच्या दुकानात काम करायची. रोज गिऱ्हाइकांना 'हे जेवणाआधी, हे जेवणानंतर' बजावून तिचा सूरच तसा झाला होता.

"बाबा, नीट ऐका. पुन्हा एकदा जरी कान वाहिला, तर तलाव बंद. तुमच्याकडेच नव्हे, कुणाकडेच नाही."

"अगं, मी आहे ना!" मास्तर म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून "मला हाक मारली का?" असं विचारलं.

पहिल्या दिवशी मुंगी छातीभर पाण्यात उतरली. कानात बोळे, डोक्याला निळी पट्टी, चेहऱ्यावर साऱ्या जगाला माफ केल्यासारखं हसू. मास्तर काठावरून गरजले, "गुडघे सरळ!" मुंगी हसली. ते आणखी मोठ्यानं गरजले. पलीकडच्या टोकाला पाण्यात व्यायाम करणाऱ्या बायकांनी गुडघे सरळ केले. मुंगी हसतच होती.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज कुठेतरी पोचला नव्हता. दुसरा कुणी असता तर विचारात पडला असता. मास्तर पाण्यात उतरले, नातीजवळ गेले, ओल्या बोटांनी तिच्या उजव्या कानातला बोळा काढला, "गुडघे वाकवू नकोस" म्हणाले आणि बोळा पुन्हा आत दाबला. मग "श्वास सोड". पुन्हा बोळा बाहेर, पुन्हा आत. प्रत्येक सूचनेला त्यांनी बाटलीच्या बुचासारखी ती कानाची काढघाल केली, आणि आपण केवढी काळजी घेतो आहोत या विचारानं त्यांचा ऊर भरून आला.

दोन दिवसांनी मुंगीच्या उशीवर पिवळा डाग पडला.

"बोळे घट्ट बसवले होते ना?" लेकीनं विचारलं.

"एकदम घट्ट!" मास्तर म्हणाले.

"हो," मुंगीनं दुजोरा दिला. "आबाला काही सांगायचं असलं की तेवढ्यापुरता काढायचा."

पुढची कानउघाडणी मास्तरांनी मान खाली घालून ऐकली. डॉक्टरांनी थेंब दिले, पाणी बंद केलं आणि मास्तरांकडे न बघता सांगितलं की बोळे कोरड्या कानात, कोरड्या हातांनी, काठावरच घालायचे आणि काठावरच काढायचे. लेकीनं निळी पट्टी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. मुंगी रडली नाही. ती फक्त तलावाच्या बाकावर येईनाशी झाली. मास्तरांना तो रिकामा बाक पाठ फिरवली तरी दिसे.

"आता तिला शिकवायचं तरी कसं?" ते बायकोला म्हणाले. "ऐकूच येत नाही तिला."

बायको भाजी निवडत होती. तिनं एक बोट वर केलं, मग दाराकडे दाखवलं. मास्तर उठले आणि दार लावून आले. तिनं दोन बोटांची चिमूट केली. त्यांनी मिठाची बरणी आणून दिली.

"बघा," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी तुमच्याशी अशीच बोलते. तुमच्या आवाजात माझा ऐकू येणार कधी? अहो, तुम्ही शिकलात, मग ती पोर का नाही शिकणार?"

खुणा ठरवायला मुंगीच बसली. फुगवलेले गाल म्हणजे श्वास. सरळ धरलेली वर्तमानपत्राची सुरळी म्हणजे गुडघे. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे आहेस तिथे उभी राहा. ती सतरंजीवर पालथी पडून पाय मारायची आणि मास्तर समोर उभे राहून खुणा करायचे. अडचण एवढीच होती की खुणेबरोबर ते ओरडतही होते. मुंगी कानांनी ऐकायची आणि हाताकडे बघायचीच नाही.

"धरा ही गुळणी," बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. "गिळायची नाही, सांडायची नाही."

अशी मास्तरांची शिकवणी सुरू झाली. दिवाणखान्यात गाल फुगवून उभा एक थोराड माणूस, हातात सुरळी, हनुवटीवरून ओघळ. श्वासाची खूण तर त्यांच्या तोंडावर कायमचीच झाली, म्हणून ती बदलून नाकावर बोट अशी करावी लागली. लेक दारातून बघायची आणि हसू येऊ नये म्हणून ओठ चावायची. कान बरा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिनं आपणहून वरचा खण उघडला.

"एकदाच," ती म्हणाली. "आणि मी समोर असताना."

त्या दिवशी तलावावर शांतता होती. व्यायामाच्या बायका कुजबुजल्या, "मास्तरांना बरं नाही का?" इस्त्रीवाला दुकान बंद ठेवून दारात डोकावला, "आज सुट्टी आहे का हो?" मास्तरांनी फुगलेल्या गालांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बिचारा दचकून निघून गेला.

बाकावर लेकीनं कोरड्या हातांनी बोळे बसवले, वरून पट्टी ओढली. मास्तर सुरळी घेऊन आधी पाण्यात उतरले, मग मुंगी. सुरळी सरळ झाली, तिचे गुडघे सरळ झाले. बोट नाकावर गेलं, बुडबुडे उठले. ती निघाली, समोरच्या भिंतीकडे, तरंगायच्या फळीशिवाय, आणि बाजूनं मास्तर चालत.

अर्ध्यात पट्टी सरकून कानाच्या वर गेली.

लेक उभी राहिली. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या एका हाकेत जमा होऊन दातांशी आलं. गुळणी हलली, पण सुटली नाही. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

श्वासाला मान वळवताना मुंगीला ते दिसलं. ती जिथल्या तिथे उभी राहिली. मास्तर पाण्यातच होते, हात लांब केला तर पुरला असता. त्यांनी हात लावला नाही, पायऱ्यांकडे बोट दाखवलं. मुंगी चालत काठावर आली. आईनं कान टिपला, पाहिलं. बोळा जागच्या जागी होता. पट्टी पुन्हा बसली, एक वेढा अधिक घट्ट.

दुसऱ्या खेपेला मुंगी भिंतीला टेकली. टाळ्या झाल्या, त्या तिला ऐकू आल्या नाहीत. तिनं वळून फक्त आजोबांच्या हाताकडे पाहिलं. त्यांना शाबासकीची खूण ठरवायची राहूनच गेली होती. ते नुसते उभे होते, आणि हनुवटीवरून ओघळत होतं ते सगळं गुळणीचंच होतं असं नाही.

मग बाक, टॉवेल. मान एकीकडे, मान दुसरीकडे. पट्टी निघाली, बोळे निघाले. लेकीनं दोन्ही कान उजेडाकडे धरून बघितले.

"कोरडे," ती म्हणाली.

मास्तरांनी पाणी गिळलं आणि नातीच्या कानाशी तोंड नेलं. व्यायामाच्या बायकांनी सवयीनं आपले कान झाकले. पण मास्तर जे काही म्हणाले ते कुणालाच कळलं नाही, मुंगीलासुद्धा.

तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"आबा," ती म्हणाली, "जरा मोठ्यानं बोल ना."