कडूबाई हात हुंगायची

आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी कडूबाई प्रत्येक मुलाचे धुतलेले हात हुंगूनच त्याला पंगतीला सोडायची. करमाडपासून आत असलेल्या त्या शाळेत मी शिक्षक म्हणून बदलीवर गेलो, त्या पहिल्याच दिवशी तिने माझाही हात धरला. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलेलं. "मरनाला गोड लागू नये म्हनून," ती हसत सांगायची. ते हसणं मला कधी मानवलं नाही.

"नळाखाली हात भिजिवला म्हंजी धुतला नाय होत, राजा," म्हणत ती पोराला साबणाकडे परत पाठवायची. इथवर ठीक. पण साबणाच्या खालचंही तिला कळायचं. कोण शेळी बांधून आलंय, कोण रडून आलंय. एकदा दुसरीतल्या कावेरीची बोटं हुंगून ती म्हणाली, "जेवली की सरळ घरी जाय. आजीजवळ बस." आजी तर सकाळी अंगणात शेंगा निवडत होती, असं कावेरी म्हणाली. दिवेलागणीला आजी गेली. पोरांना यात काही वावगं वाटलं नाही. घाबरलो मी. तेव्हापासून तिच्यासमोर मी हात खिशात ठेवायला लागलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. शाळा भरण्याआधी नळांची टाकी आतून घासायची, हे काम माझ्याकडे. मला आला कंटाळा. मी चढलोच नाही. स्वच्छतेच्या वहीत मात्र 'सकाळी नऊ वाजता टाकी धुतली' असं लिहून सही ठोकली. मधल्या सुट्टीत पोरं हात धुऊन ओळीत उभी राहिली. कडूबाईने पहिल्याचे हात हुंगले, दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन ती वळली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"सर, आज कुनाच्याच हाताला वास नाय."

"मग चांगलंच आहे की!"

"जित्या लेकराच्या हाताला वास असतोयच. कुनाला जेवू देऊ नका."

  तिने सगळ्या पोरांना हापशावर नेऊन पुन्हा हात धुवायला लावले आणि पातेलंभर खिचडी मातीत ओतली. तिला खोटं पाडायलाच मी तणतणत टाकीवर चढलो. झाकण उघडताच उग्र दर्प नाकात शिरला. खाली नळावर तो कुणालाच आला नव्हता. तळाशी तुरीवर फवारायच्या औषधाची उघडी बाटली पडली होती. सुट्टीत कुणीतरी फवारणीचा पंप टाकीतच विसळला असणार.

लेकरं वाचली. पण हिला कळलं कसं, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत घरोघर पोचला. वहीप्रमाणे नऊ वाजता टाकी स्वच्छ होती आणि त्यानंतर तिकडे एकटी कडूबाईच फिरत होती. दोन दिवसांनी शाळा समितीची बैठक बसली. अध्यक्षांनी मला विचारलं, "सर, तुमी टाकी धुतली तवा बाटली व्हती का?"

कडूबाई दाराशी बसली होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला माझ्या नोकरीची भीती वाटली, दुसरं काही नाही.

"नव्हती," मी म्हणालो.

ती उठली, पदर सावरला. "लेकरं खेळत्यात ना समदी? मंग झालं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून चूल दुसऱ्या बाईकडे गेली. गावात तिला कुणी दारात उभं करेना, तेव्हा ती चितेगावला लेकीकडे राहायला गेली.

यंदा ती वारल्याचं कळलं. लेकीला खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी दहाव्याला गेलो. मी येणार हे कुणाला कळवलं नव्हतं. तरी लेक पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात उभीच होती.

"आईनं सांगून ठिवलं व्हतं," ती म्हणाली. "सर येतील, त्यांच्या हातावर पानी तू घाल."

मी हात पुढे केले. ती ओतत होती, मी चोळत होतो. टाकीचं सांगायचं सोडून मी मनगटंही घासू लागलो.

"झाले की, सर."

मला हात मागे घेता येईनात. तांब्या संपला. माझ्या तोंडाकडे एकदा बघून ती दुसरा भरायला आत गेली.