पेटीजवळचे सुभेदार

"आधी घरचे," असं म्हणून ते दोन्ही हात पसरून उभे राहायचे. समोर हार घेतलेले पुढारी, मागे तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आणि मधे हे. आवाज चढलेला नसायचा, तरी पुढचे पांढरे शर्ट जागीच थबकायचे. आई, बायको, भाऊ पेटीपाशी बसून झाले, की मगच ते बाजूला सरायचे.

आम्ही त्यांना सुभेदार म्हणायचो. पायदळातून निवृत्त होऊन ते सोलापुरात विजापूर रस्त्याला राहत होते. जिल्ह्यातला जवान सीमेवर मारला गेल्याची बातमी आली, की मी वर्तमानपत्राच्या कामासाठी त्याच्या गावी जायचो. सुभेदार आदल्या दिवशीच तिथे पोचलेले असायचे. त्यांना या कामावर कुणी नेमलं नव्हतं.

अशी अंत्ययात्रा तुम्हीही पाहिली असेल. रस्ताभर रांगोळी, झेंडूनं मढवलेला ट्रॅक्टर, कागदी झेंडे घेऊन उन्हात उभी केलेली शाळा, कर्ण्यावर गाणी. आणि घरात, रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर धरलेले मोबाईल. सुभेदार दारातच खुर्ची टाकून बसायचे. मोबाईल वर करून कुणी आत निघाला, की शांतपणे विचारायचे, "तुमचं कोण गेलंय?"

एका गावात भला मोठा फ्लेक्स लागला होता. वर नेत्यांचे चेहरे, खाली कार्यकर्त्यांचे, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा जवान. सुभेदार कमरेवर हात ठेवून बराच वेळ ते बघत राहिले. मग लावणाऱ्याला म्हणाले, "ह्यातला गेलेला कोण म्हणायचा?" तो ओशाळला. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत फ्लेक्स उतरला होता.

पण त्यांचं खरं काम पेटीजवळ असायचं. पुष्कळदा पेटी उघडण्यासारखी नसते. आई मात्र एकच मागते, एकदा तोंड दाखवा. तेव्हा सुभेदार तिच्याजवळ जमिनीवर बसायचे आणि म्हणायचे, "ताई, मी बघितलाय त्याला. झोपल्यासारखा हाय." बहुतेक बायका त्या वाक्यावर निवायच्या.

एकदा परतताना मी त्यांना विचारलं, "तुम्ही खरंच बघता?"

"न्हाय," ते म्हणाले. "मला कोण दाखवतंय?"

"मग?"

"मग काय सांगू तिला? तुमी सांगा की."



उजनी धरणाच्या पाण्याकाठी एक गाव आहे. तिथला जवान सुरुंगाच्या स्फोटात गेला. त्याची आई केळीच्या बागांत मजुरीला जायची, लहान चणीची, फार न बोलणारी. नवरा आधीच वारलेला. पेटी सकाळी आली, पण मोठ्या पाहुण्यांची गाडी यायची होती म्हणून सगळं थांबलं. ऊन चढत गेलं. माईकवरचा माणूस घोषणा देऊन देऊन घोगरा झाला. ती पेटीवर तळवा टेकवून बसली होती.

"तोंड बघू द्या," ती म्हणाली.

सुभेदारांनी आपलं वाक्य म्हटलं.

तिनं मान वर केली. "हनुवटीवरचा वण दिसला का?"

"दिसला की, ताई."

तिनं पेटीवरचा तळवा उचलून मांडीवर घेतला. पाहुणे आले, पुष्पचक्रं वाहिली, फैरी झडल्या, घडी केलेला तिरंगा तिच्या हातात दिला गेला. माझ्या बातमीत मी तिला 'धीरोदात्त वीरमाता' म्हटलं होतं.

पुढच्या वर्षी गावानं शाळेसमोर पुतळा उभारला. आम्ही दोघेही गेलो. मंडप भरलेला, पुतळ्यावर पडदा, दोरी ओढायचा मान आईचा. पण ती मंचावर जाईना. सुभेदारांना खुणेनं बोलावून ती शाळेच्या मागच्या बाजूला गेली. मीही मागोमाग गेलो. तिनं मला हटकलं नाही.

"आण्णा," ती म्हणाली, "माज्या लेकाच्या हनुवटीवर वण न्हवता."

सुभेदारांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी बघितलं न्हवतं, ताई. कुणालाच बघू दिलं न्हाय."

"पेटी हलकी हुती, व्हय का?"

मंडपात तिच्या नावाचा पुकारा होत होता.

"व्हय," शेवटी ते म्हणाले. "हलकी हुती."

"मला तवाच कळलं. उचलणाऱ्यांच्या चालीवरनं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "वरीसभर मी एकटीच हे घिऊन बसले. लोकास्नी सांगावं तर ती म्हणणार, आईच असं बोलती. तुमी त्याच दिशी खरं बोलला असता, तर आपुन दोगं असतो की."

मग ती स्वतःच मंडपाकडे चालू लागली. दोरी ओढली, पडदा सरला. उंच, धिप्पाड जवान, पायात बूट, हातात बंदूक. टाळ्या झाल्या, फुलं उधळली गेली. ती पुतळ्याच्या पायांकडून वर बघत गेली आणि शेजारी उभ्या सुभेदारांना हळूच म्हणाली, "हितं सगळा हाय."

त्यानंतरही सुभेदार गावोगाव जात राहिले, पण ते वाक्य पुन्हा त्यांच्या तोंडून आलं नाही. आईनं विचारलं, की ते नुसते बसून राहायचे. कधीकधी तीच त्यांच्या पाठीवर हात ठेवायची. हळूहळू त्यांचं जाणं कमी झालं. गेल्या उन्हाळ्यात घरीच, दुपारी झोपेत ते गेले. घरच्यांनी बुद्धवंदना म्हटली, गल्लीतले लोक आले. ना फ्लेक्स, ना माईक. मी बातमी दिली, ती आतल्या पानावर चार ओळींत आली.

त्यानंतर महिन्याभरात केम गावाच्या बाजूला एका जवानाची पेटी आली. पुढाऱ्यांना अडवायला कुणी नव्हतं. हार, फोटो, भाषणं सगळं आधी झालं. घरच्यांची पाळी आली तेव्हा पेटी फुलांखाली दिसत नव्हती. त्याची आई फुलं बाजूला सारत होती आणि दिसेल त्याला विचारत होती, "कुणी बघितलंय का वो त्याला?" लोक नजर चुकवत होते.

गर्दीतून एक बाई पुढे आली. उजनीकाठची. बातमी ऐकून एसटीनं आली होती. तीही फुलं सारायला लागली.

"तुमी बघितलं का?" आईनं तिला विचारलं.

"न्हाय, बाई," ती म्हणाली. "माजाबी मला दिसला न्हाय." आणि ती तिच्या खांद्याला खांदा लावून खाली बसली.