वर्गात हाव म्हणायचं नाही

मी इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावी, सावद्याच्या एस.टी. स्टँडसमोर माझा फ्लेक्स लागला. काकांनी लावला होता. वर 'आंतरराष्ट्रीय शिक्षिका', खाली 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि मध्ये बी.एड.च्या हॉल तिकिटावरचा माझा फोटो. त्यात मी नुकतंच पाकीट मारलं गेल्यासारखी दिसते. शुभेच्छुकांचे फोटो माझ्यापेक्षा मोठे होते आणि त्यातल्या निम्म्यांना मी ओळखतही नव्हते. वडिलांना आम्ही घरात भाऊ म्हणतो. भाऊ फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "लय उंच लावला." बाकी काही नाही. त्यांचं आयुष्य केळीच्या व्यापारात गेलंय, माल नीट पाहिल्याशिवाय ते मत देत नाहीत.

नोकरी अजून पक्की नव्हती, हे काकांना सांगायचं राहून गेलं होतं. पहिला आठवडा चाचणीचा. शेवटी पालकांसमोर एक तास घ्यायचा. त्यांना पटलं तर कायम, नाही तर परतीचं तिकीट. म्हणजे मी नापास झाले असते, तर एस.टी.तून उतरल्या उतरल्या पहिली गाठ माझ्या अभिनंदनाशीच पडली असती. विमानात मला दुसरं काही सुचलंच नाही.

आईनं बॅगेत केळीचे वेफर्स कोंबले होते. तिकडे उतरून बघते तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. भाऊंना फोनवर तेवढंच सांगितलं. "घड केवढा पडते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघितला नाही. त्यावर ते नाराज झाले आणि फोन आईकडे दिला.

क्लासच्या मॅनेजरबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की पालकांना गोरा शिक्षक हवा होता, तो मिळाला नाही, तेव्हा निदान उच्चार तरी स्वच्छ ठेवा. मला संताप आला. जळगावात स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये मी भल्याभल्यांच्या जिभा वळवल्या होत्या. पण डोळ्यांसमोर स्टँड आला, आणि मी गोड हसले.

मुलं सात-आठ वर्षांची होती. मी चित्र दाखवायचं, त्यांनी शब्द सांगायचा. भिंतीवर 'फक्त इंग्रजी' अशी पाटी होती. मी सगळं लक्ष व्ही आणि डब्ल्यूवर ठेवलं होतं. तिथे आपली माणसं पकडली जातात, हे मला ठाऊक होतं. आठवडाभर एकही व्ही घसरला नाही. मी स्वतःवर खूश होते.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे होकाराला 'हाव' म्हणतात. बाकी महाराष्ट्रात हाव म्हणजे लोभ. पुण्यात बी.एड. करताना मी घरी फोनवर हाव, हाव करत बसायचे, तेव्हा रूममेट विचारायची, "एवढी कसली गं हाव?" तेव्हापासून तो शब्द मी चारचौघांत बंद केला. निदान माझा तसा समज होता.

शेवटच्या दिवशी पालक मागच्या खुर्च्यांवर ओळीनं बसले. मॅनेजरबाई दाराशी उभ्या. घरचं वाटावं म्हणून मी पहिलं चित्र केळ्याचंच काढलं.

"इज धिस अ बनाना?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "हाव!"

मला वाटलं, भास झाला. मी घाईघाईनं हत्ती दाखवून तसंच विचारलं. "हाव!" पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं तर मान तिरकी करून "हाव ना!" असं म्हटलं. सावद्याच्या केळीबाजारात भाव ठरल्यावर म्हणतात, अगदी तसं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभर प्रत्येक बरोबर उत्तराला मी हाव म्हणत आले होते, आणि मुलांनी ते इंग्रजी समजून पाठ केलं होतं. बाकी काही त्यांनी एवढ्या तयारीनं पाठ केलेलं नव्हतं.

पालक बेहद्द खूश. पोरं एवढ्या मोठ्यानं इंग्रजी बोलतायत म्हटल्यावर आणखी काय हवं? मागचे एक वडील पुटपुटत 'हाव'चा सराव करत होते. पण मॅनेजरबाईंना इंग्रजी येत होतं.

तास संपल्यावर त्यांनी विचारलं, हा कुठला शब्द? स्कॉटलंडकडचा आहे, असं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण सांगितलं ते खरंच: माझ्या आईचा आहे, अर्थ येस. त्या म्हणाल्या, पालकांना तुम्ही आवडलात, नोकरी पक्की. फक्त तो शब्द तुम्ही घातलाय, तुम्हीच काढा.

सोमवारी दिवसभर मी तेच केलं. हाव आलं की थांबवायचं, येस म्हणवून घ्यायचं. 'हाव ना' वाली मुलगी माझ्याकडे बघत राहिली, ठरलेला भाव मी ऐनवेळी फिरवल्यासारखं. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत सगळा वर्ग येस म्हणायला लागला. शिकवण्यात मी वाईट नाही.

खोलीवर येऊन घरी फोन लावला. आईनं विचारलं, "पक्की झाली का व नोकरी?"

"हाव," मी म्हणाले. "हाव, हाव, हाव."

"आयकू आलं व माय. एकडाव सांग ना."

मी म्हटलं, काकांना सांग, आता तो फ्लेक्स खुशाल राहू दे.

"कोन्ता फ्लेक्स?" आई म्हणाली. "तू गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी भाऊंनी काढून आनला. शिडी लावून सोता चढले. काका अजून बोलत नाही त्याह्यच्याशी. कडब्यावर टाकला हाये."

मला 'लय उंच लावला' आठवलं. ती तक्रार नव्हती, शिडीचा अंदाज होता.

फोन भाऊंकडे गेला. त्यांनी एकच विचारलं. "करमते का तठे?"

"हाव," मी म्हणाले.

"हाव ना?"

माल नीट पाहिल्याशिवाय ते सोडत नाहीत. मला रडू फुटलं. "नाही करमत, भाऊ," मी म्हणाले.

मागे आई काय झालं, काय झालं विचारत होती. मग भाऊ म्हणाले, "वाटलं त राह्य, वाटलं त ये. स्टँडावर आता काहीच नाही."