कोंबडीचा मोजा वाचून दाखविल्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण सातवी पास, धंदा तहसील कचेरीच्या दारात अर्ज लिहिणे. जाबदार: माझी भाची, वय वर्षे चार. घटनास्थळ: इंग्लंड देशी मिल्टन कीन्स येथील धाकट्या बहिणीचे घर. काळ: सन दोन हजारनंतरचा एक उन्हाळा, जो मी स्वेटर घालून काढला. साक्षीदार: बहीण, मेहुणे व चित्रातील एक डुक्कर.

हकिगत अशी की, सहा महिन्यांच्या मुक्कामास गेलो असता भाचीला गोष्ट वाचून दाखविण्याचे काम मी आपण होऊन पत्करले. ज्याचे अर्ज खुद्द तहसीलदार शेवटपर्यंत वाचतात, त्याला चित्रांचे पुस्तक काय जड? इंग्रजी ओळींखाली बहिणीने पेन्सिलीने मराठी लिहून दिलेच होते. पुस्तकातील कोंबडीचा मोजा हरवला होता. पानोपानी कागदी दारे चिकटविलेली. ती उघडून मोजा शोधायचा.

आता, आमच्या धंद्यात विषय आधी येतो. साहेबास पहिल्या ओळीतच प्रकरण कळले पाहिजे. त्यानुसार मी पुस्तक एकट्याने तपासले, भाचीला मांडीवर घेतले आणि खणखणीत आवाजात प्रारंभ केला: "विषय: कोंबडीचा हरवलेला मोजा शेवटच्या पानी बदकाच्या डोक्यावर सापडल्याबाबत."

भाचीने किंकाळी फोडली. "मम्मी! मामाने सांगून टाकलं! मामा स्पॉइल्ड इट!"

"दादा, अरे गोष्ट आहे ती," बहीण हसू दाबत म्हणाली, "सातबारा नव्हे."

भाचीने पुस्तक हिसकावून वडिलांच्या हाती दिले. मी बडतर्फ! पुढे रोज ती मेहुण्यांच्या मांडीवर खिदळे आणि मी समोर रिकाम्या मांडीने बसे. परतीचा दिवस जवळ येत होता. त्याआधी ती मांडी मला पुन्हा भरलेली हवी होती.

एका शनिवारी मेहुण्यांचा घसा बसला. "दादा, आज तुम्हीच वाचा," ते खरखरले. भाचीने गंभीर विचारांती अट घातली, "मामा, तुला काही माहीत नाही. ओके?"

"काहीही माहीत नाही," मी शपथेवर सांगितले.

पहिलेच दार फ्रिजचे. तिने उघडले. आत डुक्कर! मी असा दचकलो की चष्मा उडाला. मग हात जोडून विचारले, "डुक्करसाहेब, खरे सांगा, मोजा पाहिलात?"

"नो!" भाची डुकराच्या आवाजात गुरगुरली. "मी आइस्क्रीम खातो!"

"कोणाच्या परवानगीने?"

ती मांडीवरून घसरून गालिच्यावर लोळू लागली. कपाटात बकरी निघाली, बाथटबमध्ये बैल; सर्वांची उलटतपासणी झाली. मेहुण्यांनी बसलेल्या घशाने बैलाचे वकीलपत्र घेतले. बहीण लाटणे हाती घेऊन तशीच बाहेर आली आणि बकरीच्या बाजूने भांडू लागली. शेवटी बदक दिसले, तरी मी कपाळाला हात लावून विचारले, "अरेरे, मोजा गेला तरी कुठे?"

"डोक्यावर! डोक्यावर बघ ना, वेड्या मामा!"

मामाला काही दिसत नाही याचा तिला इतका आनंद झाला की उचकीच लागली. उचकी थांबताच हुकूम सुटला, "अगेन!"

येणेप्रमाणे मी कामावर पुन्हा रुजू झालो. मात्र मुक्काम संपेपर्यंत सर्व दारे तिनेच उघडली. मी बोट लावले की चापट बसे.

सबब नम्र विनंती की, पुढील मुक्कामी वाचनाचे काम अर्जदाराकडेच कायम ठेवावे, आणि निदान बैलाचे दार तरी त्यास स्वहस्ते उघडू द्यावे. जाबदाराने उत्तर फोनवर ओरडून दिले तरी ते ग्राह्य धरले जाईल. लवकर द्यावे.