दुसरा कान

"बुवा, चढवू काय?"

असं विचारून त्याने उत्तराची वाट कधीच पाहिली नाही. बुवा पेटीवरून मान वर करेपर्यंत त्याचा हात पखवाजावर सुटलेला असायचा आणि आम्ही टाळकरी धापा टाकत त्याच्या मागे. गजर असा उंच जायचा की मंदिराबाहेर चपला सांभाळत बसलेली माणसंही उठून आत यायची.

शहापूर तालुक्यातलं आमचं गाव लहान, आणि भजनी मंडळ त्याहून लहान. मी शहापूरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर. सगळा गाव मला काका म्हणतो, आणि माझे टाळ लयीत मागे पडतात हेही सगळ्या गावाला ठाऊक आहे. तो आमचा पखवाजी. वाशिंदच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, घरी भातशेती होती, पण विचारलं तर सांगायचा, "मी पखवाज वाजवतो." बाकीचं सगळं त्याच्या लेखी मधल्या वेळात चालायचं.

तुम्ही भजनाला पुढच्या रांगेत बसत असाल तर पखवाजाला कणीक लावताना पाहिलं असेलच. त्याची बायको वाटीत मऊ कणीक भिजवून द्यायची. तो ती डाव्या बाजूच्या कातड्यावर थापायचा, कान जवळ नेऊन एक टिचकी मारायचा, चिमूटभर काढायचा, पुन्हा लावायचा. बुवा वैतागायचे. "आरे, भाकऱ्या थापतोस का?" तो हसायचा, पण मनासारखा आवाज लागल्याशिवाय सरळ बसायचा नाही.

सकाळी आम्ही एकाच जीपने निघायचो. मोबाइलवर कुठल्या कुठल्या पखवाजियांचं वादन त्याने भरून ठेवलेलं असायचं. वायरची एक बोंडी माझ्या कानात खुपसायचा, दुसरी स्वतःच्या. माझ्या मांडीवर बोटांनी ठेका धरायचा. खिडकीबाहेर धुक्यातली शेतं मागे जायची, आणि शहापूर कधी यायचं ते मला कळायचं नाही.

मग त्याला मुलगी झाली. तिचं नाव चांगलं ठेवलं होतं, पण घरात आणि मंडळात ती बायच राहिली.

पहिला फरक मला जीपमध्ये दिसला. त्याने मला बोंडी दिली नाही, आणि स्वतःही एकाच कानात घातली. दुसरी गळ्यात नुसती लोंबत होती.

"दुसऱ्या कानाला काय झालं रे?"

"तो घरी ठेवून आलोय, काका."

मी हसलो. तो हसला नाही. खरंच, जीप गावापासून कितीही लांब गेली तरी त्याची मान त्या मोकळ्या कानाच्या बाजूला किंचित कललेली असायची.

दुसरा फरक सगळ्यांना दिसला, कारण तो हातात उतरला होता. बाय थोपटल्याशिवाय झोपायची नाही, आणि थोपटायला तिला बापाचाच हात लागायचा. आईचा चालायचा नाही, आजीचा तर नाहीच. ते थोपटणं हळूहळू पखवाजावर आलं. ठेका तोच, मात्रा त्याच, पण गजर वर जायच्या ऐवजी पाळण्यासारखा झुलायला लागला. "चढवू काय" हे तर तो विसरूनच गेला. एका गुरुवारी टाळकऱ्यांमधले दोघे वाजवता वाजवता पेंगले. बुवांनी पेटी थांबवली.

"आरे, देवाला उठवतोस का निजवतोस?"

बायकांना मात्र हे भजन फार आवडलं. ज्यांच्या घरी तान्ही पोरं होती त्या पोरं घेऊन यायला लागल्या आणि आरतीआधीच त्यांना खांद्यावर टाकून निघून जायला लागल्या. मलाही आवडत होतं, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं टाळ कुटले, पण अभंगाचे शब्द मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आले. बुवांना हे बोललो असतो तर त्यांनी माझे टाळ काढून घेतले असते.

त्या हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत तिथून जवळच्या एका गावाने आम्हाला दुपारच्या भजनाला बोलावलं. मांडव मोठा, गर्दी जत्रेची. बुवांनी त्याला टेम्पोतच बजावलं होतं, "आज माझी लाज राख रे." आणि त्याने राखली. कणीक बेताची लागली, डोळे मिटले, हात जुना झाला. गजर चढत गेला. माणसं उभी राहिली.

आमच्या पेटीतला एक वरचा सूर बिघडलेला होता. भाता जोरात ओढला की तो आपला आपण कुंईऽऽ करायचा. बुवांनी ऐन रंगात भाता ओढला, पेटी कुंईऽऽ करून रडली, आणि पखवाज बंद पडला. पाहतो तर हा उभा.

"बाय उठली!"

बाय तिकडे घरी, आजीजवळ. इकडे मांडवात क्षणभर कोणाला काही कळलं नाही. आमचे टाळ तेवढे सवयीने वाजत राहिले. मग कोणीतरी हसलं आणि सगळा मांडव हसला. तो खाली बसला, ठेका पुन्हा धरला, पण विस्कटलेला गजर काही जुळला नाही.

परत येताना मी टेम्पोत त्याच्या शेजारी बसलो. सिद्धगडावर शेवटचं ऊन होतं, खाली सगळं निळसर झालं होतं. पखवाज त्याच्या मांडीवर होता आणि त्याचा हात त्यावर आपोआप पडत होता.

"काका," तो हळूच म्हणाला, "आधी वाजवताना मला कायच ऐकू यायचं नाय. घर पेटलं असतं तरी नाय. आता सगळं ऐकू येतं."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? तसा हात नाय चालत. येकदा तरी पयल्यासारखं बुडायचंय मला. जमंल का वो?"

मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर तो यायचा कमी झाला. बायकोलाही वाशिंदला काम लागलं, दोघांच्या पाळ्या वेगळ्या, तेव्हा त्यांनी तिथेच नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. मंडळाला दुसरा पखवाजी मिळाला. चांगला वाजवतो, पण बुवा त्याच्यावर एकदाही ओरडले नाहीत. पुढच्या जत्रेच्या आधी ते माझ्याकडे आले.

"काका, तुमी जा. त्याला घेऊन या. म्हणावं, पेटी नीट करून घेतलीय. आता रडत नाय."

एवढा मोठा माणूस, हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

मी दुपारी गेलो. त्याने तोंडावर बोट ठेवून दार उघडलं. बायको कामावर होती. बाय आत झोपलेली, दारातून तिचे फक्त पाय दिसत होते. त्याने चहासुद्धा बशी न वाजवता दिला. मी म्हटलं, "बुवांनी सांगितलंय..." त्याने हातानेच थांबवलं आणि कोपऱ्यातला पखवाज मांडीवर घेतला.

कणीक नव्हती. बोटं कातड्याला टेकत होती की नाही, सांगता येणार नाही. आवाज मुळीच नव्हता. पण ठेका दिसत होता. मी तळहात एकमेकांजवळ नेऊन न टेकवताच मागे घ्यायला लागलो. खिडकीतलं ऊन फरशीवर पसरलं होतं, पडदा हलत होता. लय वाढली. खोटं सांगत नाही, मला पेटी ऐकू येत होती, मागच्या बायकांचा आवाजही येत होता, आणि माझे टाळ एकदाही मागे पडले नाहीत.

गजर अगदी वर पोचला आणि त्याचा हात सुटला. अख्खी थाप पडली. भिंती दणाणल्या.

त्याने दोन्ही तळवे कातड्यावर दाबून धरले. आम्ही दोघेही आत बघत राहिलो. एक पाय हलला, दुसऱ्या पायावर घासला, आणि थांबला. मग तिचा लांब श्वास ऐकू आला. नाक थोडं चोंदलेलं असावं, श्वासात बारीकशी शीळ होती. श्वास जायचा, रेंगाळायचा, आणि अगदी वेळेवर परत यायचा.

श्वास येईल तिथे त्याची मान हलली. पुन्हा आला, पुन्हा हलली. त्याचे डोळे मिटले. पखवाजावरचे हात सैल झाले आणि ओठांतल्या ओठांत त्याने "वा" म्हटलं.

"मी निघतो रे," मी म्हणालो.

त्याला ऐकू गेलं नाही. मी जरा मोठ्याने म्हणून पाहिलं, तरी नाही.

बुवांचा निरोप सांगायचा राहिला होता. मी दार हळूच ओढून घेतलं आणि चपला हातात घेऊन तीन मजले खाली उतरलो.