अण्णांचं हुए

‘व्हिएतनाम’ आणि ‘लढाई’ हे दोन शब्द कुणी एका दमात उच्चारले, की अण्णांचं डोकं फिरलंच म्हणून समजा. चहाची बशी खाली आदळायची, मिशा थरथरायच्या. “आरं, देश हाय तो! मानसं ऱ्हात्यात तिथं!” असं ते ओरडायचे आणि पारावरची मंडळी दात काढायची. मला त्या दातांचा अजून संताप येतो.

अण्णा माझे थोरले चुलते, फौजेत ड्रायव्हर. व्हिएतनाममधली आधीची लढाई थांबली, तेव्हा शस्त्रसंधीवर नजर ठेवायला आपली माणसं तिकडे गेली होती. त्यांच्यातल्या एका साहेबाची जीप अण्णा चालवायचे. तिथे त्यांनी बंदुकीला हातही लावला नाही. पण ते शिंगणापुरात परतले आणि गावानं परस्पर ठरवून टाकलं, की हा गडी शत्रू लोळवून आलाय. त्यांना विचारायची तसदी कोण घेतो!

अण्णांकडे सांगण्यासारखा एकच दिवस होता. हुए नावाच्या गावात साहेबांनी त्यांना दिवसभराची सुट्टी दिली आणि ते जुन्या राजांचा किल्ला बघायला निघाले. “दरवाजा सरला की फुडं दरवाजा,” ते सांगायचे. “मधला फकस्त राजाचा, बाकीच्यांनी बगलेनं जायाचं. आन् एवढं करून आत गेलो, तर राजाच न्हाई!” आत माणूस बसेल एवढाली धातूची घंगाळं होती. त्यांवर डोंगर, नद्या, मासे, एवढंच काय, फणससुद्धा कोरलेला. तो फणस सांगताना अण्णांचा आवाज मऊ व्हायचा.

खरी गोष्ट त्यापुढची. उन्हानं घसा कोरडा पडला. किल्ल्याच्या मागच्या आळीत एक ठेंगणं घर दिसलं, दाराला नुसता पडदा. आता आमच्या गावात घरांना चौकटी असतात, दारं नसतात. शनिदेवाच्या राखणीत दार लावायचं कशाला? बाहेरून हाक मारायची आणि आत शिरायचं. अण्णांनी तेच केलं. “हाय का घरात कोनी?” असं चांगलं खणखणीत मराठीत विचारून ते फौजी पोशाखात सरळ स्वयंपाकघरात! चुलीपुढची म्हातारी किंचाळली, तिनं केरसुणी उगारली. अण्णांनी घाबरून आधी बूट काढले आणि हात जोडले. ते बघून म्हातारीला हसू फुटलं. “मंग तिनं चहा दिला. ना दूध, ना साखर, कडू जहर! पर दोनदा मागून प्यालो.” इथे अण्णा थांबायचे आणि समोरच्याकडे बघत राहायचे. पुढचं कुणीतरी विचारावं, त्या बाईची चौकशी करावी, एवढीच त्यांची इच्छा. समोरचा हटकून म्हणायचा, “ते ऱ्हाऊ द्या. तुमी मारले किती?”

शाळेनं एकदा त्यांना झेंडावंदनाला बोलावलं, युद्धाच्या आठवणी सांगायला. अण्णा चहापर्यंत आले तोच गुरुजींनी त्यांचा सदरा ओढला. “अण्णा, पोरांना लढाईचं सांगा.” अण्णा भाषण अर्धवट टाकून तरातरा घरी निघून गेले. काय चुकलं त्यांचं?

पुढे तिकडे पुन्हा लढाई पेटली आणि रेडिओवर रोज हुएचं नाव येऊ लागलं, तेव्हा तर पारावरच्यांना ऊतच आला. “अण्णा, उडवला म्हनं तुमचा किल्ला!”

“किल्ल्याचं मरू दे,” अण्णा म्हणाले. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. “म्हातारीच्या घराला धड दार बी न्हाई रं.”

त्याच हिवाळ्यात अण्णा गेले. दहाव्याला कोरड्या ओढ्याच्या काठी सगळा गाव जमला आणि रीतीप्रमाणे भाषणं झाली. एका पुढाऱ्यानं माईक धरून अण्णांच्या हातून शत्रूची पलटणच्या पलटण कापून काढली. मरणानंतरही धडपणे राहू देईनात! माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी उठलो आणि पुढाऱ्याच्या हातातला माईक ओढून घेतला.

“खोटं आहे हे. अण्णांनी तिथं एक माणूस मारला नाही,” मी म्हणालो आणि तो सगळा दिवस सांगितला. एकामागून एक दरवाजे, घंगाळावरचा फणस, पडदा, केरसुणी, काढलेले बूट. कडू चहापाशी आलो. अण्णा थांबायचे तिथेच थांबलो.

बायकांच्यातून एक मावशी डोळ्याला पदर लावून म्हणाली, “मंग रं? त्या म्हातारीचं काय झालं फुडं?”

मला भयंकर राग आला. एवढं ऐकायला तो माणूस वर्षानुवर्षं पारावर बसला होता.

“हे अण्णांना विचारायचं होतं, मावशी,” मी म्हणालो आणि खाली बसलो.