सँट्रीहून ओल्डहॅम, बोगद्यामार्गे

आमच्या सासऱ्यांनी इंग्लंड पाहिलं ते आयर्लंडमध्ये.

आप्पा सोलापूरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. तिथल्या मशीनवर लोखंडात ओतलेलं 'ओल्डहॅम' हे इंग्लंडमधल्या गावाचं नाव पुसून लख्ख ठेवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. २०११च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे डब्लिनला, सँट्रीत आले ते एकच इच्छा घेऊन: ते गाव बघायचं! इंग्लंडच्या व्हिसाचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे व्हिसा अर्थातच आला नव्हता. परतीचं विमान तोंडावर आलं आणि आप्पा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसायला लागले.

"खरं सांगून टाक," माझी बायको मेधा म्हणाली.

"अगं, जावयाची काही इज्जत असते!"

"होती."

इथेच आयर्लंडमध्ये, मलिंगारच्या पुढे एका गावात लोकरीची जुनी गिरणी आहे, तिचं आता म्युझियम झालंय. चिमणी आहे, कालवा आहे, कामगारांच्या विटांच्या चाळी आहेत. ओल्डहॅममध्ये तरी याहून वेगळं काय असणार? प्रश्न फक्त डब्लिन आणि इंग्लंडच्या मधल्या समुद्राचा होता. तोही सुटला, कारण बंदराकडे जाणारा लांबलचक बोगदा आमच्या सँट्रीतूनच सुरू होतो. मलिंगार पश्चिमेला आणि बोगदा पूर्वेला, पण इज्जतीपुढे दिशांचं काय घेऊन बसलात!

"आप्पा, आता आपल्या डोक्यावर समुद्र आहे हं."

आप्पांनी घाईघाईने खिडकीची काच वर केली. मागच्या सीटवर मेधाने डोळे मिटून घेतले. बोगद्याबाहेर जहाजं दिसताच मी "आलं इंग्लंड!" असं जाहीर केलं आणि तेच डब्लिन आडव्या रस्त्यांनी ओलांडून पश्चिमेला लागलो.

"हितंबी टपालपेट्या हिरव्याच की ओ, जावईबापू?"

"लाल रंगाचा कंटाळा आला त्यांना."

"आन् पाटीवर इंग्रजीच्या वर काय लिवलंय?"

"जुनं इंग्रजी!" (आयरिश भाषेची ही व्याख्या मी तिथल्या कुणालाही अजून ऐकवलेली नाही.)

म्युझियममध्ये तर कहर झाला. पहिल्याच मशीनवर 'ओल्डहॅम' निघालं! (मशीनं इथेही तिकडूनच यायची, हे मला काय माहीत?) आप्पांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. पण आता माघार घेणार कशी?

तेवढ्यात गाईड बोलायला लागला. लाल गालांचा, तावातावाने बोलणारा म्हातारा. इंग्रजांनी आम्हाला कसं लुटलं, कसं उपाशी मारलं, सगळं त्याने साग्रसंगीत सांगितलं. मी आप्पांसाठी भाषांतर करत होतो. 'आम्हाला' हा शब्द तेवढा गाळत होतो.

"सोता इंग्रज असून इंग्रजांना येवढ्या शिव्या?" आप्पा थक्क झाले. "काय मोठ्या मनाचा मानूस ओ! सांगा त्यास्नी, आमी माफ केलं म्हनून."

मी गाईडला म्हणालो, "ही सेज, द म्युझियम इज ग्रँड."

"येवढंच? माफीचं कुठाय?" आप्पांनी मला बाजूला सारलं. "आय इंडियन! यू इंग्लिश! आय फर्गिव्ह!" आणि त्यांनी गाईडला कडकडून मिठी मारली.

खोलीतले सगळे आयरिश पुतळे झाले. गाईडचा लाल रंग कानांपर्यंत चढला.

"आय ॲम नॉट इंग्लिश, सर!"

"नो शेम, नो शेम!" आप्पा त्याची पाठ थोपटत म्हणाले.

शेवटी गाईडने त्यांना हाताला धरून भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं आणि आपण जिथे उभे आहोत तिथे बोट टेकवलं. आप्पांनी ते बोट पाहिलं. मधला निळा समुद्र पाहिला. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

मेधाने सगळा प्रकार सांगितल्यावर गाईड डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला आणि त्याने आप्पांना चहा पाजला. मला कुणी विचारलं नाही.

आप्पा सोलापूरला परतले. अजूनही फोनवर ते फक्त मेधाशी बोलतात. परवा मी तिला काकुळतीला येऊन विचारलं, "अगं, अख्ख्या इंग्रजांना त्यांनी एका मिठीत माफ केलं, मग मलाच का नाही?"

"इंग्रजांना दीडशे वर्षं लागली," मेधा म्हणाली, "तुझी तर आत्ता कुठे सुरुवात आहे!"